मुलांसाठी नोकरी सोडताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकच्या अंबड-सातपूर औद्योगिक वसाहतींतल्या कारखान्यांत एचआरमध्ये काम करताना बायकांचे राजीनामे बरेच हाताखालून गेले. कारण जवळपास सगळ्यांचं एकच लिहिलेलं: ‘वैयक्तिक कारणास्तव’. त्यातल्याच काहीजणी सात-आठ वर्षांनी बायोडेटा घेऊन समोर बसल्या. दोन्ही वेळी ऐकलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. नोकरी सोडावी की नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं. निर्णय घरातल्या सगळ्यांचा आणि किंमत मात्र एकटीची, असं होऊ नये एवढा माझा हट्ट आहे, आणि उत्तरांत तो दिसेल.

आमचा हिशेब झालाय. माझा पगार २८ हजार. पाळणाघर, रिक्षा आणि स्वयंपाकाच्या मावशी यांतच १५ हजार जातात. मग एवढी दगदग कशासाठी?

हा हिशेब मी सगळ्यात जास्त वेळा ऐकला आहे. बेरीज-वजाबाकी बरोबर असते, मांडणी चुकलेली असते. पाळणाघराचे पैसे नेहमी आईच्याच पगारातून का वजा होतात? मूल दोघांचं, घर दोघांचं, तर खर्चही दोघांच्या एकूण मिळकतीतून जायला हवा. नवऱ्याचे ४५ आणि तुमचे २८ मिळून ७३ हजार, त्यातून १५ गेले. असं लिहून पाहिलं की तोच खर्च वेगळा दिसतो. कागद तोच, फक्त रकाना बदलला.

दुसरं म्हणजे पाळणाघराचा मोठा खर्च चार-पाच वर्षांचा असतो आणि पगार पुढची पंचवीस-तीस वर्षं यायचा असतो. आज हातात १३ हजार उरतात म्हणून सोडलेली नोकरी ही १३ हजारांची नोकरी नसते. पाच वर्षांनी तिचा पगार किती असता, तो आकडा शेजारी लिहा आणि मग ठरवा.

आणि खरंच परवडत नसेल, मूल सतत आजारी असेल, किंवा तुम्हालाच घरी राहावंसं वाटत असेल, तर ही सगळी पुरेशी कारणं आहेत. त्यासाठी गणिताचा आडोसा लागत नाही.

नुकसान म्हणजे तेवढ्या वर्षांचा पगार, एवढंच ना?

नाही. पगार गेला हे दिसतं, बाकीचं दिसत नाही. एक उदाहरण मांडते.

मूळ पगार २५,००० धरा. तुमचा पीएफ १२ टक्के, म्हणजे ३,०००. कंपनीही ३,००० भरते, पण त्यातले १,२५० पेन्शन योजनेत जातात आणि १,७५० पीएफमध्ये. तुमच्या खात्यात महिन्याला ४,७५० पडतात, वर्षाला ५७,०००. तिसाव्या वर्षी सोडून चाळिसाव्या वर्षी परतलात आणि व्याज ८ टक्के धरलं (२०२४-२५ साठी ते ८.२५ होतं), तर दहा वर्षांत साधारण साडेआठ लाख जमले नाहीत. तेच साडेआठ लाख पुढे वयाच्या ५८ पर्यंत हात न लावता राहिले असते, तर ३४ लाखांच्या घरात गेले असते. बऱ्याच कंपन्या पीएफ १५,००० च्या मर्यादेवरच कापतात. तुमची तशी असेल तर हे आकडे निम्म्याने कमी करा. यात पगारवाढ धरलेली नाही, हेही लक्षात घ्या.

आता पगारवाढ. चाळीस हजार पगारावर दरवर्षी ८ टक्के वाढ मिळाली तर दहा वर्षांनी तो ८६ हजारांवर जातो. दहा वर्षांनी परतणाऱ्या बाईला मात्र जुन्या पगाराच्या आसपासचा आकडा सांगितला जातो, आणि मुलाखतीच्या टेबलापलीकडे बसून मीही तो सांगितला आहे, कारण वरून तसंच ठरून यायचं. तिथून पुढच्या सगळ्या वाढी त्या खालच्या आकड्यावर लागतात. म्हणून दहा वर्षांचा खंड दहा वर्षांत संपत नाही.

अर्थशास्त्राचं २०२३ चं नोबेल क्लॉडिया गोल्डिन यांना मिळालं ते याच विषयातल्या कामासाठी. श्रीमंत देशांत एकाच व्यवसायातल्या स्त्री-पुरुषांच्या कमाईतली दरी बरीचशी पहिल्या मुलाच्या जन्मापासून सुरू होते, असं त्यांच्या अभ्यासात दिसलं. डेन्मार्कमध्ये पाळणाघरांची सोय आपल्याहून कितीतरी चांगली. तरीही आई झालेल्या बायकांची कमाई दीर्घकाळात सुमारे २० टक्क्यांनी मागे राहते, असं तिथल्या एका गाजलेल्या अभ्यासात आढळलं. बाप झालेल्यांच्या कमाईवर तसा परिणाम दिसला नाही.

बाळंतपणाच्या रजेबद्दल नेमका नियम काय?

मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीपासून पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे भरपगारी, तिसऱ्यापासून १२ आठवडे. अट एवढीच की प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या बारा महिन्यांत त्या कंपनीत किमान ८० दिवस काम झालेलं असावं. कंत्राटदारामार्फत लागलेल्या बायकांनाही हा हक्क आहे. अंबडमध्ये हे अनेकींना कुणी सांगतच नाही. पगारातून ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापला जात असेल तर पैसे त्या योजनेतून मिळतात. रजेवर असताना कामावरून काढणं बेकायदा आहे.

रजा संपल्यावर लगेच राजीनामा दिला तर रजेचे पैसे परत मागतात का?

कायद्यात तशी कुठलीही तरतूद नाही. नोटीस पीरियडचे पैसे ही वेगळी गोष्ट, ती नेमणूकपत्रात पाहा.

कंपनीत पाळणाघर असणं सक्तीचं आहे ना? मग दिसत का नाही?

५० किंवा जास्त कर्मचारी असले तर पाळणाघराची सोय द्यावी लागते आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता येतं. आपल्याकडचे पुष्कळ कारखाने लहान, त्यात निम्मे लोक कंत्राटदाराच्या नावावर, त्यामुळे कागदावर पन्नास भरतच नाहीत. मोठ्या ठिकाणी कधीकधी खोली असते, पाटी असते आणि आत जुन्या फायली असतात. लेखी विचारा. दोन-तीन जणींनी मिळून विचारलं तर उत्तर लवकर येतं. आसपासच्या कंपन्यांनी मिळून एकच पाळणाघर चालवलं तरी चालतं, हे व्यवस्थापनाला सुचवून पाहा. बऱ्याच मालकांना हा मार्ग ठाऊक नसतो.

मी जिल्हा परिषदेत आहे. राजीनामा द्यावा का?

घाई करू नका. राज्य शासनाच्या महिला कर्मचाऱ्यांना मूल १८ वर्षांचं होईपर्यंत संपूर्ण सेवेत १८० दिवस बालसंगोपन रजा मिळते, ती पहिल्या दोन मुलांसाठी आहे. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना ७३० दिवस. ती संपली तर अर्जित रजा, मग बिनपगारी असाधारण रजा. सरकारी नोकरी एकदा सोडली की परतीच्या वाटेवर वयाची अट उभी असते. राज्यात खुल्या वर्गासाठी सर्वसाधारणपणे ३८ आणि मागास प्रवर्गांसाठी ४३. रजेचा अर्ज नामंजूर झाला तर नामंजुरी लेखी मागा.

सासूबाई सांभाळायला तयार आहेत. मग प्रश्न मिटला ना?

बऱ्याच घरांत खरोखर मिटतो. नाशिकमधल्या कितीतरी बायका आज नोकरी करतात त्या आजीच्या जिवावर, आणि याची नोंद कुठल्याही आकडेवारीत होत नाही. पण साठीतल्या बाईला दोन वर्षांच्या मुलामागे दिवसभर धावायला लावणं हे काम आहे, आराम नव्हे. तिचे गुडघे, तिचं भजनी मंडळ, तिची दुपारची झोप, हे सगळं धरून चला. वरकामाला मावशी ठेवा आणि त्यांचा पगार आजीच्या हातून द्या. आठवड्यातला एक दिवस आजीला पूर्ण सुटी हवी. त्या दिवशी मूल कुणाकडे, हे उत्तर बापाने द्यायचं.

माहेरची आई येऊन राहणार असेल तर तिचंही घर आहे हे विसरू नका. निफाड-दिंडोरीकडच्या आईला द्राक्षांची काढणी सुरू झाली की परत जावंच लागतं आणि एप्रिलमध्ये खरड छाटणी येतेच. त्या महिन्यांसाठी पाळणाघराची जागा आधीच बोलून ठेवा. ऐनवेळी कुणी घेत नाही, आणि मग ‘आता सोडूनच दे’ हे वाक्य घरात पहिल्यांदा उच्चारलं जातं.

आजोबा घरी असतील तर शाळेच्या व्हॅनवाल्या काकांपर्यंत नेणं-आणणं त्यांच्याकडे द्या. ते कुरकुरतील, मग त्यांनाच सवय लागेल.

बाळ लहान होतं तेव्हा निभावलं. आता पहिलीत गेलाय आणि सगळं कोलमडतंय. असं का?

कारण शाळा दुपारी सुटते आणि कंपनी संध्याकाळी. तान्ह्या बाळासाठी घर, रजा, आजी सगळे तयार असतात; पहिली-दुसरीच्या मुलासाठी कुणी काही ठरवलेलंच नसतं. वर अभ्यास, प्रोजेक्ट, पालकसभा आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रात्री दहाला येणारा ‘उद्या पिवळा ड्रेस’. माझ्या पाहण्यात बाळंतपणाइतकेच राजीनामे याही टप्प्यावर येतात. यावर डे-केअर असलेली शाळा, सोसायटीतलं दुपारचं पाळणाघर किंवा सकाळची पहिली पाळी मागून घेणं असे उपाय निघतात. पाळी बदलून मिळते का, हे राजीनाम्याआधी विचारा. मला कितीतरी बायकांनी राजीनामा दिल्यावर विचारलं होतं.

राजीनाम्याची तारीख ठरवताना काय पाहू?

ग्रॅच्युइटी. सलग पाच वर्षं झाली की शेवटच्या मूळ पगाराच्या हिशेबाने प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांची रक्कम मिळते. मूळ पगार २५,००० असेल तर पाच वर्षांची ७२ हजारांवर होते. साडेचार वर्षांवर राजीनामा देऊन ती सोडणाऱ्या बायका पाहिल्या आहेत. शिल्लक रजा आणि बिनपगारी रजा जोडली असती तर पाच वर्षं भरली असती.

शिवाय कंपनीचा आरोग्यविमा नोकरीबरोबर संपतो. त्याच विमा कंपनीकडून वैयक्तिक पॉलिसी घेता येते, आणि आधीच्या आजारांच्या प्रतीक्षाकाळाचा फायदा टिकतो. हे नोकरी सुटण्याआधी विचारून करायचं असतं.

पीएफ काढून घराच्या कर्जात घालू का? पैसा घरातच राहील.

घरात राहील, तुमच्या नावावर राहील का? घराच्या कागदावर तुमचं नाव नसेल तर माझं उत्तर स्वच्छ नाही असं आहे. पीएफला हात लावू नका, त्यावर व्याज चालू राहतं. पाच वर्षांच्या आत काढला तर करही लागतो.

पेन्शनचा भाग तर बहुतेकजणी क्षुल्लक रक्कम म्हणून काढून टाकतात. पेन्शनला एकूण दहा वर्षं सेवा लागते आणि ती तुकड्यातुकड्यांत चालते. सहा वर्षं करून सोडलं तर पैसे काढण्याऐवजी योजना प्रमाणपत्र घ्या. परत नोकरी लागली की ती सहा वर्षं पुढे धरली जातात. एकदा काढले की शून्यापासून.

‘माझं ते तुझंच’ असं हे म्हणतात. मग वेगळं काही कशाला?

म्हणतात ते मनापासून असेलही. कायदा मात्र कागद पाहतो. आपल्याकडे लग्नानंतर कमावलेली मालमत्ता आपोआप दोघांची होत नाही. फ्लॅट नवऱ्याच्या नावावर असेल तर तो हयात असेपर्यंत त्याचाच. मृत्युपत्र न करता तो गेला तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे पत्नी, मुलं आणि त्याची आई हे सगळे पहिल्या वर्गातले वारस, सगळ्यांना सारखे वाटे. आणि ‘नॉमिनी मीच आहे’ यावर विसंबू नका. नॉमिनी होणं आणि मालक होणं यात फरक आहे.

नोकरी सोडण्याआधी, म्हणजे घरात तुमच्या शब्दाला पगाराचं वजन असताना, एवढं करून घ्या. घराच्या करारात दोघांची नावं. (महाराष्ट्रात निवासी घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे, गंगापूर रोडच्या दरांत ही रक्कम किरकोळ नसते.) नवऱ्याची नवी आयुर्विमा पॉलिसी १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याखाली घ्यायला लावा: ती रक्कम बायको-मुलांसाठी राखीव राहते, नवऱ्याचे सावकार तिला हात लावू शकत नाहीत. अर्जावर एक वेगळा फॉर्म भरायचा असतो, तोही पॉलिसी घेतानाच. आणि दरमहा ठरावीक रक्कम तुमच्या पीपीएफमध्ये. वर्षाला दीड लाखापर्यंत भरता येते.

ही मागणी अविश्वासाची नाही. तुमच्या घरी असण्यामुळे त्यांची नोकरी निर्धास्त चालते, त्यातला हा तुमचा वाटा आहे.

घटस्फोटाची वेळ आली तर मुलांसाठी सोडलेल्या नोकरीला कोर्टात किंमत आहे का?

आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालात सांगितलं की पोटगी ठरवताना, बायकोने घर, मुलं आणि वडीलधाऱ्यांसाठी नोकरी सोडली का हेही पाहावं. ‘शिकलेली आहे, कमवू शकते’ एवढ्यावर पोटगी नाकारता येत नाही. जुनी नेमणूकपत्रं, पगारपत्रकं, राजीनाम्याची प्रत जपून ठेवा. आणि राजीनाम्यात ‘वैयक्तिक कारणास्तव’ लिहिण्यापेक्षा ‘मुलाच्या संगोपनासाठी’ असं खरं कारण लिहिलेलं बरं. वकील परवडत नसेल तर बायकांना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते. नाशिकला सीबीएस बसस्थानकाजवळच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे चौकशी करा.

आई घरी असली तर मुलं चांगली घडतात, नाही का?

चांगली घडलेली आणि बिघडलेली, दोन्ही प्रकारची मुलं मी दोन्ही प्रकारच्या घरांत पाहिली आहेत. पहिली दोन-तीन वर्षं मुलाजवळ असण्याचं सुख खरं आहे, आणि ते ज्यांना हवं आहे त्यांनी संकोच न करता घ्यावं. पुढे दहावीच्या वर्षात ‘मी तुझ्यासाठी सगळं सोडलं’ हे वाक्य मात्र मुलांना फार जड जातं.

घरी असते म्हटलं की लोक विचारतात, दिवसभर करतेस काय?

२०२४ च्या सरकारी वेळवापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यातला रोजचा वेळ २८९ मिनिटं निघाला, पुरुषांचा ८८. मुलं-म्हाताऱ्यांची काळजी वेगळी. अपघाताच्या नुकसानभरपाईत गृहिणीच्या कामाचं उत्पन्न धरलंच पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये पुन्हा सांगितलं. कॉलेज रोडवर भेटलेल्या मावसनणंदेला एवढं सगळं सांगायची गरज नाही. चहा पाजा.

घरून काही सुरू करू का? मसाले, शिकवण्या, साड्या?

करा, पण नफा काढताना स्वतःची मजुरी धरा. ती धरली नाही तर घरगुती धंदा नेहमी फायद्यातच दिसतो. बँक खातं वेगळं आणि तुमच्या एकटीच्या नावावर असू द्या. उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) मोफत आहे, ती तुमच्या नावाने करा. ‘बायकोच्या नावाने नवऱ्याचा’ आणि ‘नवऱ्याच्या नावाने बायकोचा’ असे दोन्ही प्रकार इथे भरपूर आहेत आणि दोन्हींत शेवटी बाईच्या हातात कागद नसतो.

सात वर्षांचा गॅप आहे. मुलाखतीत काय सांगू?

एका वाक्यात खरं सांगा: ‘मुलं लहान होती, आता शाळेत आहेत, मी पूर्णवेळ येऊ शकते.’ माफी मागू नका, लांबण लावू नका. गॅपपेक्षा मी टॅली, एक्सेल, नवा जीएसटी हे पाहायचे. २०१७ आधी नोकरी सोडलेल्या अकाउंटंटने जीएसटी पाहिलाच नसेल तर तिला घेणं कठीण होतं. म्हणून घरी असताना एखादा अभ्यासक्रम किंवा आठवड्यातला थोडा वेळ कुणाची खातेवही असं काहीतरी चालू ठेवा. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आपल्याच गावात आहे, गंगापूर धरणाकडे. पदवी अर्धवट राहिली असेल तर तिथून पुरी करता येते.

परवानाधारक व्यवसायांत नोंदणी चालू ठेवणं सगळ्यात महत्त्वाचं. डॉक्टरांना दर पाच वर्षांनी नूतनीकरण आणि क्रेडिट पॉइंट लागतात. विज्ञान-संशोधनातल्या बायकांसाठी केंद्राच्या विज्ञान विभागाच्या ‘वाइज-किरण’ योजना आहेत, त्यांत खंड पडलेल्यांचाही विचार आहे. पीएचडी करणाऱ्या बायकांना यूजीसीच्या नियमांत २४० दिवस रजा आणि दोन वर्षं जास्तीची मुदत आहे.

पहिला पगार कमी मिळाला तर घ्या, पण सहा महिन्यांनी पगार पुन्हा ठरवू, हे नेमणूकपत्रात लिहून घ्या.

यांची बदली पुण्याला झाली. आधी माझी नोकरी सोडू की तिकडे शोधू?

तिकडे शोधा, मिळेपर्यंत इथली चालू ठेवा. चार-सहा महिने दोन घरं त्रासाची होतात, पण नोकरीत असलेल्या बाईला पगार चांगला सांगतात.

मी ५२ ची आहे. मुलगी बंगळुरूला, मुलगा जर्मनीला. पंचवीस वर्षांपूर्वी नोकरी सोडली. आता काही होण्यासारखं आहे का?

आहे. घराचे आणि ठेवींचे कागद काढून कुठे कुणाचं नाव आहे ते पाहा. दोघांची मृत्युपत्रं करा. एनपीएस (राष्ट्रीय पेन्शन योजना) खातं तुमच्या नावाने या वयातही उघडता येतं. मग माळ्यावरच्या ट्रंकेत जुन्या नोकरीची पीएफची स्लिप शोधा. तेव्हा यूएएन (नोकरी बदलली तरी तोच राहणारा पीएफचा क्रमांक) नव्हता, खाते क्रमांक कागदावरच असायचा. तो घेऊन नाशिकच्या पीएफ कार्यालयात पेन्शनचे पैसे काढले गेले होते का, हे विचारा. काढले नसतील आणि तेव्हाची सेवा सहा वर्षं असेल, तर आता एखाद्या शाळेच्या किंवा दवाखान्याच्या कार्यालयात पीएफ कापणारी चार वर्षांची नोकरी दहा वर्षं पुरी करते. ५८ व्या वर्षी पेन्शन सुरू होईल. रक्कम लहान असेल, खातं तुमचं असेल.